अ‍ॅम्नेशियाचा लेव्हल एडिटर: फुकट, पण खडूस

‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ (२०१०) या गेमचा लेव्हल एडिटर (गेममधल्या जागा रचायचं सॉफ्टवेअर) भीतीचे गेम बनवायला शिकण्यासाठी आजही उत्तम. राक्षस आधी निष्क्रिय ठेवायचा, दाराच्या आत स्क्रिप्ट एरिया (शिरताच घटना सुरू करणारी अदृश्य चौकट) टाकायचा आणि खेळाडू त्यात शिरला की राक्षसाला जागं करायचं. एवढ्यानंही अंगावर काटा येतो! मात्र वाटेत पाथ नोड (राक्षसाला वाट दाखवणारे बिंदू) पेरले नाहीत तर राक्षस भिंतीला नाक लावून उभा राहतो. मग भीती कसली, हसूच येतं. घटनांचा कोड असलेल्या स्क्रिप्ट फाइलचं नाव मॅपच्या, म्हणजे रचलेल्या लेव्हलच्या, नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे, नाहीतर एकही घटना घडत नाही. केलेले बदल गेममध्ये दिसेनात तर मॅप कॅशची (मॅपच्या साठवलेल्या जुन्या प्रतीची) फाइल उडवा. दिवे मात्र हात आखडून लावा. अंधारात नायकाचं डोकं फिरू लागतं, तीच तर खरी गंमत.