जिप्सीची ट्रान्स्फर केस वर घेतल्यानंतरचे आठ महिने

मागील नोव्हेंबरमध्ये मी माझ्या मारुती जिप्सी किंगची ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, ४० मिलिमीटर वर घेतली. तेव्हापासून गाडी ठाण्यातील रोजच्या कामांसाठी आणि महिन्यातून दोनतीनदा मुरबाडजवळच्या शेतावर जाण्यासाठी वापरत आहे. शेताच्या वाटेत भातखाचराचा एक रुंद बांध आडवा येतो. पुढची चाके तो ओलांडून उतरली की केसचे पोट बांधावर टेकायचे आणि मागची चाके जागीच माती उकरत राहायची.

जिप्सीत ही केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती तीन रबरी माउंटिंगवर चॅसीला स्वतंत्र टांगलेली असते आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट येतो. त्यामुळे इंजिनाला हात न लावता ती वर सरकवता येते. मात्र याने ग्राउंड क्लिअरन्स वाढला, असे सरसकट म्हणता येणार नाही. सर्वांत खाली असतो तो ॲक्सलवरील डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा, आणि मोठे टायर बसवल्याशिवाय तो तसूभरही वर जात नाही. मोकळीक वाढते ती पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. २३७५ मिलिमीटरच्या व्हीलबेसवर, ढोबळ हिशोबाने, उंचवटा ओलांडण्याचा कोन साडेतीन ते चार अंशांनी सुधारतो. कागदावर हे क्षुल्लक वाटते, बांधावर वाटत नाही.

वागळे इस्टेटमधील ज्या गॅरेजमध्ये काम केले, तेथे मागच्या माउंटिंगचे ब्रॅकेट काही मिलिमीटर कमी उंचीचे बनले आणि केस मागे कलली. घोडबंदर रस्त्यावर ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे सीटखालून अशी घरघर येऊ लागली की मी आधी चाकांच्या बॅलन्सिंगवर पैसे घालवले. खरे कारण शाफ्टमध्ये होते. शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा, कोनात फिरत असताना प्रत्येक फेऱ्यात त्याचा वेग दोनदा कमीजास्त होतो, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच एका जॉइंटचा चढउतार दुसरा फेडतो. केस सरळ वर गेली तर कोन वाढतात, पण सारखे राहतात; ती कलली की हा हिशोब बिघडतो. आखूड शाफ्टला याचा फटका अधिक बसतो, कारण तेवढ्याच उंचीसाठी त्याचा कोन मोठा होतो. शेवटी गवंड्याकडची पाणसळ आणून केसची पातळी गिअरबॉक्सशी जुळवली आणि नवे ब्रॅकेट बसवले. आता ८० च्या आसपास बारीक गुणगुण उरली आहे. तिची सवय झाली.

किरकोळ कामेही निघाली. स्पीडोमीटरची केबल याच केसमधून निघत असल्याने ती ताणली गेली आणि काटा थरथरू लागला. वाट बदलून दिल्यावर तो शांत झाला. सहाव्या महिन्यात आखूड शाफ्टच्या जॉइंटमधला एक क्रॉस (अधिक चिन्हाच्या आकाराचा भाग) बदलावा लागला, म्हणून आता दर महिन्याला ग्रीस भरतो. केसखाली जाड पत्र्याची संरक्षक पाटी लावली, आणि ती नसती तर हे सगळे काम अर्धवट राहिले असते, असे माझे मत आहे.

जूनच्या पहिल्या पावसात बांध भिजून निसरडा झाला होता, तरी गाडी लो रेंजमध्ये (ट्रान्स्फर केसच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) एका दमात पलीकडे गेली. खाली वाकून पाहिले तर पाटीवर मातीचा एक ओला पट्टा होता, त्यापलीकडे काही नाही. फोर बाय फोरच्या लिव्हरसाठी फ्लोअरचे भोक बोटभर वाढवले होते, तिथून मात्र त्या दिवशी पायाशी पाणी आले. त्यावर बसेल असे मोठे रबरी बूट, म्हणजे लिव्हरभोवतीचे आवरण, अजून मिळालेले नाही.