शेअर्ड फोल्डर क्लाऊडवर हलवून घेतले, काम चांगलं पण एक गोष्ट सांगायला विसरले

आमचं द्राक्ष एक्स्पोर्टचं ऑफिस दिंडोरी रोडला, आणि सगळा कारभार आउटलूकच्या पब्लिक फोल्डरवर (ऑफिसात मिळून वापरायचे मेलचे फोल्डर), म्हणजे सीझनचं फोल्डर, त्यात बायर, त्यात कंटेनर, त्यात रेसिड्यू रिपोर्ट (औषधांच्या अंशाची तपासणी), फायटो (माल रोग-कीडमुक्त असल्याचा दाखला), बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती) असं सगळं. मेलचा सर्व्हर ऑफिसातलाच, मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज २०१६ चा, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, म्हणजे त्यांच्याच क्लाऊडवर जायचं ठरलं. काम नाशिकमधल्याच एका आयटीवाल्यांना दिलं, नाव टाकत नाही कारण थोडी तक्रारपण आहे.

आधी ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे "डेटा किती जीबी?" एवढंच विचारून रेट सांगायचे. यांनी आधी विचारलं, बाहेरून डायरेक्ट मेल कुठल्या फोल्डरवर येतो आणि कोणाला काय दिसायला नको. खरं काम तिथंच असतं हो, नुसती कॉपी काय कोणीपण मारतं. मेल येणारे फोल्डर त्यांनी शेअर्ड मेलबॉक्स केले (एका पत्त्याचा मेल अनेकांनी मिळून बघायचा; ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही), बाकीचं जुनं रेकॉर्ड पब्लिक फोल्डर म्हणूनच क्लाऊडवर नेलं. आमच्या पोरांनी फोल्डरच्या नावात मस्त स्लॅश टाकून ठेवलेले, ती नावं मायग्रेशनमध्ये अडकतात म्हणून आधी सगळी बदलायला लावली. शेवटच्या टप्प्यात फोल्डर सगळ्यांना बंद होतात, ते यांनी शनिवारी रात्री उरकलं, सोमवारी कोणाची बोंब नाही.

बोंब झाली नंतर. शेअर्ड मेलबॉक्समधून रिप्लाय दिला की तो बाय डिफॉल्ट पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या सेंट आयटम्समध्ये जातो, शेअर्डमध्ये दिसतच नाही. डॉक्युमेंटेशनच्या मॅडमनी रॉटरडॅमच्या बायरला पॅकिंग लिस्ट पाठवली, दुसऱ्याला वाटलं राहिलीच, त्याने जुनी लिस्ट परत पाठवली. बायर विचारतोय, यातली खरी कोणती? ॲडमिनला एक सेटिंग ऑन करावं लागतं बस, फोन केल्यावर पाच मिनिटांत केलं, पण अरे दादा आधी सांगायचं ना! फुल ॲक्सेस असला तरी त्या पत्त्यावरून मेल पाठवायला सेंड ॲजची परमिशन वेगळी द्यावी लागते, हेपण आम्हाला एरर आल्यावरच कळलं.

फायदा म्हणाल तर पॅकहाऊसवरचा सुपरवायझर आता मोबाईलच्या आउटलूकवरच शेअर्ड मेलबॉक्स बघतो, पब्लिक फोल्डरला ते जमत नव्हतं, दर वेळी ऑफिसला फोन.

पाचपैकी चार. रेट थोडा जास्त वाटला पण परमिशनची पूर्ण लिस्ट एक्सेलमध्ये करून दिली, कोणाला काय दिसतं ते सगळं, ती मागून घ्याच. आणि करायचं असेल तर दिवाळीच्या आसपास उरका, फेब्रुवारीत कंटेनर सुटायला लागले की मेलला हात लावायची कोणाची टाप नसते.