दहावीच्या भूमितीसाठी जिओजेब्रा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जूनपासून दहावीच्या एका तुकडीला मी भूमिती जिओजेब्रा या, आकृत्या काढून त्या हलवून पाहता येणाऱ्या, सॉफ्टवेअरच्या मदतीने शिकवते आहे. वर्गात एक लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर एवढीच सोय आहे, त्यामुळे हा अनुभव शिक्षकाने पडद्यावर चालवलेल्या साधनाचा आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना सुरू केलेले हे सॉफ्टवेअर अव्यावसायिक वापरासाठी विनामूल्य आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो ‘वर्तुळ’ या प्रकरणात. फळ्यावर एकाच कंसात तीन अंतर्लिखित कोन (म्हणजे शिरोबिंदू वर्तुळावर असलेले कोन) काढले, तरी मुलांच्या दृष्टीने ते तीनच असतात. येथे शिरोबिंदू वर्तुळावरून ओढत नेता येतो. ओढण्यापूर्वी मी प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला सांगितला. बिंदू जीवेच्या टोकाजवळ गेला की कोन बदलेल, असे बहुतेकांनी लिहिले होते. पडद्यावरचे ५० अंश हलले नाहीत, तेव्हा एका मुलीने विचारले, “बाई, बिंदू जीवेच्या पलीकडे नेला तर?” नेल्यावर २३० अंश दिसले आणि मीही क्षणभर थांबले. हे सॉफ्टवेअर मूळ मांडणीत कोन एकाच दिशेने ३६० अंशांपर्यंत मोजते. कोनाच्या गुणधर्मांत मर्यादा १८० अंशांपर्यंत केल्यावर १३० अंश आले आणि चक्रीय चौकोनाचे (चारही शिरोबिंदू वर्तुळावर असलेल्या चौकोनाचे) संमुख कोन पूरक असतात, म्हणजे त्यांची बेरीज १८० अंश असते, हे मुलांनी स्वतःच ओळखले.

आकडे पूर्णांकात दाखवले तर त्रिकोणाचे कोन कधी ६१, ६१ आणि ५९ दिसतात व बेरीज १८१ होते, म्हणून दशांश स्थळे आधीच वाढवून ठेवावीत.

याहून गंभीर अडचण सिद्धतेची आहे. पहिल्या चाचणीत काही मुलांनी कारण म्हणून “आकृतीत तसे दिसते” असे लिहिले, आणि तो दोष माझ्या शिकवण्यातला होता. दिवाळीनंतर मी अंदाज पडताळून झाला की प्रोजेक्टर बंद करते. केंद्रातून त्रिज्या काढून, समद्विभुज त्रिकोण दाखवून संपूर्ण सिद्धता खडूनेच लिहिते. त्यानंतरच्या उत्तरपत्रिकांत कारणे नीट येऊ लागली.

‘भौमितिक रचना’ हे प्रकरण मात्र मी पडद्यावर घेत नाही. स्पर्शिका एका क्लिकवर तयार मिळते, तर बोर्डाच्या परीक्षेत ती पट्टी आणि कंपासनेच काढावी लागते.