हॉलेनटालक्लाम: तिकिटाचे पैसे सार्थकी लावणारी वाट

जर्मनीच्या बव्हेरियात, २९६२ मीटर उंचीच्या त्सुगश्पिट्स या देशातील सर्वोच्च शिखराच्या कुशीत हॉलेनटालक्लाम ही घळ आहे. म्युनिकहून गार्मिश-पार्टेनकिर्खेनपर्यंत रेल्वेने आणि तेथून छोट्या डोंगरी गाडीने हामर्सबाख या गावी उतरले, की ओढ्याच्या काठाने चढण सुरू होते. तास-सव्वा तासाच्या या चढणीत दमछाक होते, परंतु घळीच्या तोंडाशी असलेल्या झोपडीवजा उपाहारगृहात तिकीट घेऊन आत शिरल्यावर तिचा विसर पडतो.

सुमारे एक किलोमीटर लांबीच्या या घळीचे कडे काही ठिकाणी दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत आणि वाट त्यांच्या पोटातून, कधी कातळात कोरलेल्या अरुंद धक्क्यावरून, कधी ठेंगण्या बोगद्यातून, तर कधी फेसाळत्या पाण्यावर टाकलेल्या पुलावरून वर चढत जाते. बोगद्यात छतातून पाणी ठिबकत असते, हाताखालचा कठडा गार आणि ओला लागतो, आणि बाहेर पडताच बाजूच्या कड्यावरून कोसळणाऱ्या धारेचे तुषार थेट तोंडावर येतात. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर ओरडावे लागते. पावसाळ्यात सह्याद्रीतील धबधबे आपण बहुधा समोरून, काही अंतरावरून पाहतो. येथे मात्र प्रवाहाच्या सोबतीने, हाताच्या अंतरावरून चालता येते, आणि माझ्या मते हेच या जागेचे खरे वैशिष्ट्य आहे.

ही सोय आपोआप झालेली नाही. जर्मन अल्पाइन क्लबच्या स्थानिक शाखेने १९०२ ते १९०५ या काळात कातळ फोडून ही वाट तयार केली. हिवाळ्यात घळीत हिमकडे कोसळत असल्यामुळे दरवर्षी शरद ऋतूत पूल आणि कठडे काढून ठेवले जातात आणि वसंत ऋतूत पुन्हा बसवले जातात. म्हणूनच घळ साधारणपणे मे ते ऑक्टोबर एवढीच खुली असते. एवढी मेहनत पाहिली, की तिकिटाचे पैसे मुळीच जास्त वाटत नाहीत. अल्पाइन क्लबच्या सभासदांना त्यात सवलतही मिळते.

उणिवा सांगायच्या तर वाट अरुंद आहे आणि जाणारे-येणारे तिचाच वापर करतात, त्यामुळे सुटीच्या दिवशी वारंवार थांबून वाट द्यावी लागते. बाबागाडी नेणे अशक्य आहे. चांगली पकड असलेले बूट आणि रेनकोट उन्हाळ्यातल्या लख्ख दिवशीही जवळ हवेतच. हवामानाबाबत तर कोणतीही तडजोड करू नये, कारण ऑगस्ट २०२१ मध्ये मुसळधार पावसानंतर आलेल्या लोंढ्यात येथील पूल वाहून गेला आणि जीवितहानी झाली. सह्याद्रीतल्या अरुंद सांधण दरीत जोराचा पाऊस असताना कोणी जाणता माणूस उतरत नाही. तोच नियम येथेही पाळावा आणि वादळाचा अंदाज असेल तर बेत सरळ रद्द करावा.

घळीतून बाहेर पडल्यावर परत फिरण्याची घाई करू नये. दरी एकदम मोकळी होते आणि पुढे १३८७ मीटरवर असलेल्या हॉलेनटालआंगर या डोंगरी निवाऱ्यात गरम जेवण मिळते. तेथून पुढची त्सुगश्पिट्सची वाट हिमनदी आणि लोखंडी तारांच्या चढाईची असल्याने ती अनुभवी गिर्यारोहकांसाठीच आहे. ज्यांना घळच पाहायची आहे त्यांनी सकाळी लवकर निघून निवाऱ्यापर्यंत जावे आणि दुपारचे ढग भरून येण्याआधी खाली उतरावे.