पहिलं कॅरी (अंगावर बाळगायचं) पिस्तूल : अकरा महिन्यांनंतर

आमच्या साताऱ्यात बंदूक म्हणजे बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या रखवालदाराची दुनळी. त्यापलीकडे बंदुकीशी माझा कधी संबंध आला नाही. आज मी ह्यूस्टनजवळ केटीत राहते, घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करते, आणि गेले अकरा महिने माझ्या कमरेला पिस्तूल असतं. रिकामं घर, कधी न भेटलेला ग्राहक आणि मी एकटी, असं आठवड्यातून चार-पाच वेळा होतं. एकदा एक माणूस घर बघायला आला आणि त्याने घर बघितलंच नाही. दाराला पाठ लावून उभा राहिला आणि मी इथे आहे हे ऑफिसात कोणाला ठाऊक आहे का, हेच फिरूनफिरून विचारत राहिला. नेमका तेव्हा फोन वाजला म्हणून मी बोलत बोलत मागच्या दाराने निघाले. त्या रात्री नवऱ्याजवळ विषय काढला. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे म्हणून तो ठाम विरोधात होता. त्याची भीती रास्त होती. पुढे तिजोरीबद्दल जे लिहिलंय ते सगळं त्या भीतीतूनच आलंय.

आधी एक गोष्ट, कारण आपल्या लोकांना नेमकी हीच माहीत नसते. एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही जवळ बाळगायला बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. ऑफिसातल्या मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल चालवणंसुद्धा यात अडकू शकतं, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना असला डाग कोणालाच परवडणारा नाही. ग्रीन कार्ड हातात आल्यावर मी दुकानात गेले, बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, त्यात ग्रीन कार्डावरचा एलियन नंबर लिहिला, एफबीआयकडून तपासणी झाली आणि पिस्तूल मिळालं.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरी मी परवाना काढला आणि तुम्हीही काढा असंच सांगेन. मी वर्गात बसून कायदा ऐकला. बळ कधी वापरता येतं आणि कधी नाही, यावर तिथे जितका वेळ देतात तितका घरी बसून कोणी देत नाही. शिवाय लुइझियाना-ओक्लाहोमासारख्या राज्यांत तो चालतो. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय इथे चालत नाही, म्हणून शिकागोच्या बहिणीकडे जाताना पिस्तूल घरीच राहतं.

आता मूळ विषय. आता कमरेला असतं ते माझं दुसरं पिस्तूल. पहिलं चुकलं. दुकानातल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि काचेखालून सगळ्यात छोटं .३८० (हे गोळीचं माप) काढलं. तळहाताएवढं, वजनाला हलकं, जीन्सच्या खिशात मावणारं. ‘बायकांना हेच आवडतं,’ म्हणाला. मलाही पटलं, कारण डोक्यात एकच प्रश्न होता : दिसणार तर नाही ना? चालवणार कशी, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

रेंजवर पहिल्या दिवशी उत्तर मिळालं. पिस्तूल जितकं हलकं आणि छोटं, तितका झटका हातात जास्त. मूठ एवढी आखूड की करंगळी हवेत. स्लाइडची, म्हणजे गोळी भरायला मागे ओढायच्या वरच्या भागाची, स्प्रिंग इतकी कडक की पाचव्या-सहाव्या वेळेला अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. तिसऱ्या मॅगझिननंतर (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) मला ते हातात घ्यावंसं वाटेना. मग शनिवार चुकायला लागले. चार महिन्यांत जेमतेम १५० गोळ्या चालवल्या असतील, आणि तरी ते रोज पर्समध्ये घेऊन फिरत होते. हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. नीट चालवता न येणारं हत्यार, तेही पर्समध्ये, जी मी सहज खुर्चीवर टाकून उठायचे.

डोळे उघडले ते प्रशिक्षक बाईंमुळे. त्यांनी मला न सांगता मॅगझिनमध्ये एक खोटी गोळी मिसळली. मी ट्रिगर ओढला, टक् झालं, बार उडाला नाही, आणि मी डोळ्यांनी पाहिलं की नळीचं तोंड चांगलं बोटभर खाली गेलं होतं. झटका येणार म्हणून हात आधीच दचकत होता. सात यार्डांवर माझ्या गोळ्या कागदाच्या खालच्या कडेला का लागतात, ते त्या एका टकने समजलं. बाई म्हणाल्या, ‘तुझा नेम वाईट नाही. तुला या पिस्तुलाची भीती बसलीय.’

त्याच दिवशी रेंजवरून पाच पिस्तुलं भाड्याने घेतली. सिग पी३६५, ग्लॉक ४३एक्स, स्मिथ अँड वेसनची शील्ड प्लस आणि शील्ड ईझी, आणि पाच गोळ्यांचं एक हलकं .३८ रिव्हॉल्व्हर. रिव्हॉल्व्हर सोपं असतं असं सगळे सांगतात. समजायला सोपं आहे खरं, पण घोडा (हॅमर) आत झाकलेल्या त्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर लांब आणि जड असतो, आणि माझं बोट प्रत्येक वेळी ओढता ओढता नेम हलवायचं. पी३६५ चं मला खरोखर कौतुक वाटतं. २०१८ साली एवढ्याशा आकारात ९ मिमीच्या दहा गोळ्या बसवून त्यांनी या सगळ्या बाजाराची दिशा बदलली. ४३एक्सची मूठ उंच, पूर्ण पंजा बसतो. ज्यांच्या मनगटात जोर आहे त्यांनी यातलं कोणतंही डोळे झाकून घ्यावं.

माझ्या मनगटाने शील्ड ईझीला कौल दिला. यात स्ट्रायकरऐवजी, म्हणजे स्प्रिंगवर ताणलेल्या सुईऐवजी, आत हॅमर आहे, त्यामुळे स्लाइडची स्प्रिंग मऊ ठेवता येते. स्लाइडच्या मागच्या टोकाला बाहेर आलेले कंगोरे आहेत, ओल्या हातानेही पकड सुटत नाही. मॅगझिनच्या बाजूला छोटी बटणं आहेत, ती अंगठ्याने खाली दाबली की गोळी अलगद आत बसते. मुठीच्या मागे पकड-सेफ्टी आहे, मूठ नीट आवळल्याशिवाय बार उडत नाही. आधी .३८० मध्ये आलं, २०२० साली ९ मिमीमध्ये. मी ९ मिमीचं घेतलं, अंगठ्याची सेफ्टी असलेलं. .३८० मधल्या ईझीचा झटका आणखी मऊ आहे, पण सरावाच्या गोळ्या महाग पडतात, आणि माझा सगळा भर सरावावर होता. कोणी जुनं विकत घेत असेल तर एक बघा : १ मार्च ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या काही ईझी पिस्तुलांचा हॅमर तडकू शकतो म्हणून कंपनीने ती परत मागवली होती. सीरियल नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

हे पिस्तूल खिशात मावत नाही. मॅगझिनमध्ये आठच गोळ्या, वजन साडेसहाशे ग्रॅमच्या घरात. कागदावर तुलना केली तर बाकीची सरस दिसतील. पण मी आता दर शनिवारी रेंजवर जाते आणि परत यायला नको वाटतं. अकरा महिन्यांत ११०० च्या वर गोळ्या झाल्या, वहीत लिहून ठेवल्या आहेत. पिस्तुलापेक्षा गोळ्यांवर जास्त पैसे गेले. परवान्याच्या परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या असतात, २५० पैकी १७५ गुण लागतात. मला २३८ मिळाले. घरी रात्री दहा मिनिटं कोरडा सराव. पिस्तूल रिकामं करायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, पुढच्या माशीवर (नळीच्या टोकाशी नेम धरायची खूण) एक नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर ओढायचा. पहिल्या आठवड्यात नाणं सारखं सतरंजीवर पडत होतं.

होल्स्टरवर, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानावर, जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या बायकांनी याबद्दल लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही. इथलं सगळं सामान पँट आणि जाड पट्टा गृहीत धरून बनवलेलं असतं. मी कामाला निम्मे दिवस कुर्ता घालते. कुर्ता झाकायला उत्तम, पण सलवारीच्या नाडीवर साडेसहाशे ग्रॅम टिकत नाही, सगळं खाली ओढलं जातं. आता कुर्त्याखाली मी लूप असलेली पँट आणि ताठ पट्टाच घालते. आणि एक धोका ज्याबद्दल कोणी सांगितलं नव्हतं : पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना नाडीचं टोक, ओढणीचा काठ किंवा कुर्त्याचा कोपरा ट्रिगरगार्डमध्ये (ट्रिगरभोवतीची कडी) शिरू शकतो. घाईत ढकललं की तोच कपडा ट्रिगर ओढतो. म्हणून डावा हात कुर्ता छातीपर्यंत वर धरतो, बोट स्लाइडवर सरळ, नजर होल्स्टरच्या तोंडावर, आणि हळू. बाहेर काढताना घाई असू शकते, आत घालताना कधीच नसते. ओढणी असलेल्या दिवशी पिस्तूल घरी.

पहिलं होल्स्टर १८ डॉलरचं कापडी घेतलं होतं. पिस्तूल काढलं की ते पापडासारखं चपटं व्हायचं आणि परत घालताना दुसऱ्या हाताने तोंड उघडावं लागायचं, म्हणजे बोटं नळीसमोर. ते फेकून दिलं. आता कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, आहे, ट्रिगर पूर्ण झाकणारं, खटकन बसणारं. आधी उजव्या बाजूला मागे लावत होते, पण बाईच्या कमरेच्या वळणावर मूठ थेट बरगडीत घुसते. पुढे, बेंबीच्या जरा उजवीकडे, खाली छोटी गादी लावून ठेवलं आणि गाडी चालवतानाही त्रास थांबला. बाथरूममध्ये ते कधीही हुकला किंवा टाकीवर ठेवू नका. होल्स्टरमध्येच राहू द्यायचं, पँट गुडघ्याशी घट्ट धरून. विसरून निघून जाणारी माणसं असतात आणि मागून कोणाचंतरी लेकरू आत जातं.

तिजोरी. घरात शिरले की चपला काढायच्या आधी पिस्तूल तिजोरीत. भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेली, बटणांची, जिचा नंबर मुलीच्या वाढदिवसाशी किंवा घर नंबराशी जोडलेला नाही. मुलाच्या हाताला लागेल असं भरलेलं हत्यार ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. मुलीला आम्ही सगळं सांगितलं. मैत्रिणीच्या घरी बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर यायचं, मोठ्यांना सांगायचं, हे तिच्याकडून म्हणून घेतलं, पुन्हापुन्हा. नवऱ्याने दोन महिन्यांनी तिजोरीचा नंबर स्वतःहून मागितला आणि एका शनिवारी माझ्याबरोबर रेंजवर आला.

रोजच्या वावरात दारावरच्या पाट्या वाचायची सवय लागते. टेक्सासच्या कायद्यातल्या कलम ३०.०६ ची इंग्रजी-स्पॅनिश पाटी दिसली की परवाना असला तरी पिस्तूल आत न्यायचं नाही. लाल ५१ टक्क्यांची पाटी म्हणजे दारूवर चालणारी जागा, तिथेही नाही. शाळेच्या इमारतीत नाही. गाडीत त्यासाठी केबलने सीटला बांधलेला छोटा डबा आहे. मंडळाच्या गणपतीला मी कायद्याच्या भानगडीत न पडता ते घरीच ठेवते. तिथे दर दोन मिनिटांनी कोणीतरी मिठी मारतं आणि पोरं कमरेला लोंबकळतात.

ह्यूस्टनच्या दमट उन्हाळ्यात घाम पिस्तुलावर बसतो, दर रविवारी कोरड्या फडक्याने पुसून दोन थेंब तेल. चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात भरलेली, एकच गोळी रोज काढून पुन्हा तीच भरू नका. प्रत्येक वेळी धक्का बसून बुलेट, म्हणजे काडतुसाचं पुढचं टोक, आत मागे सरकते आणि दाब धोकादायक वाढू शकतो. मी काढलेली गोळी बाजूला ठेवते आणि महिन्याच्या शेवटी रेंजवर चालवून टाकते.

आणि भारतात जाणाऱ्यांसाठी, हात जोडून : रेंजची बॅग ही फक्त रेंजची बॅग. प्रवासाला कधीही नाही, मुलीच्या पोहायच्या कपड्यांनाही नाही. अस्तराच्या घडीत राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर मशीनमध्ये दिसलं तर शस्त्र कायद्याखाली अटक होऊ शकते. तुमचा अमेरिकेतला परवाना तिथे कामाचा नाही. गेल्या डिसेंबरात साताऱ्याला निघायच्या आधी मी जिन्सचे खिसे, पर्स, जॅकेटं, गाडीतली पिशवी सगळं पालथं केलं. हिवाळी जॅकेटच्या आतल्या खिशात एक ९ मिमीचं काडतूस सापडलं. मी तिथेच पलंगावर बसले. नंतर नवऱ्याने सगळ्या बॅगा पुन्हा एकदा तपासल्या.

ते छोटं .३८० मी विकलं. घेणाऱ्याला सांगितलं, हे सरावाचं पिस्तूल नाही. मंडळातली एक मैत्रीण, रात्रपाळीची नर्स, आता मला विचारतेय की माझ्यासारखंच घेऊ का. तिचा पंजा माझ्यापेक्षा लांब आणि मनगट चांगलं जाड आहे. येत्या शनिवारी आम्ही दोघी रेंजवर जाणार आहोत, ती तीन पिस्तुलं भाड्याने घेईल, आणि माझं ईझी मी तिला शेवटी देणार आहे.