'द स्टोरी ऑफ द वर्ल्ड': घरी शिकणाऱ्या मुलांसाठी घ्यावं का?

सुझन वाइझ बाउर यांचा हा जगाच्या इतिहासाचा चार खंडांचा संच अकरा ते तेरा वयाला चालतो, पण सरसकट नाही. भटक्या टोळ्यांपासून रोमच्या शेवटापर्यंत जाणारा पहिला खंड लहान मुलांसाठी लिहिलाय. सहावीतल्या मुलाला तो बाळबोध वाटतो, म्हणून भराभर वाचून संपवावा. चौथा मात्र या वयाला नेमका बसतो.

प्रत्येक खंडात ४२ प्रकरणं, म्हणजे एकूण १६८. आठवड्याला दोन घेतली तर ८४ आठवडे, चवथ आणि नाताळची सुट्टी धरून साधारण दोन वर्षं. ॲक्टिव्हिटी बुक वेगळं विकत मिळतं. ते घ्याच, कारण भरायचे नकाशे त्यात आहेत. नुसतं वाचलं तर मेसोपोटेमिया नेमका कुठे, हे महिन्याभराने सांगता येत नाही. प्रकरण इंग्रजीत वाचलं की सार मराठीत किंवा कोंकणीत सांगायला लावा. न कळलेलं लगेच उघडं पडतं.

खरी उणीव म्हणजे युरोपकडचा झुकाव. आपला गोव्याचा किनारा त्यात जेमतेम येतो, तो आपणच भरायचा. भिंतीवर कागदाची पट्टी लावा, एका शतकाला ५ सेंटिमीटर, इ.स.पू. ५००० ते इ.स. २००० साडेतीन मीटरांत मावतं. तिच्यावर १५१० ला गोवा जिंकणारा पोर्तुगीज आल्बुकेर्क आणि १९६१ ला गोवामुक्ती लिहा. दुसऱ्या खंडासोबत जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय दाखवा. पहिल्यासोबत दक्षिण गोव्यातल्या उसगाळीमळची कातळचित्रं, तीही पाऊस पूर्ण ओसरल्यावरच, कारण ती कुशावती नदीच्या काठालाच आहेत.