डहाणूकर कॉलनीतला आईचा फ्लॅट आणि एजंट बाईंची पहिली भेट

कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतला आईचा फ्लॅट आम्ही नुकताच विकला. ज्या एजंट बाईंनी तो विकून दिला त्यांच्या कामाबद्दल लिहिते आहे, आणि त्यातही मुख्यतः त्या पहिल्यांदा घरी आल्या त्या संध्याकाळबद्दल. पुढचं काम चांगलं झालंच. पण घर कुणाच्या हाती सोपवायचं हे आईने त्याच संध्याकाळी ठरवलं. ज्यांना घर विकायचंय त्यांनी आणि या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. बाईंचं नाव देत नाही, ती त्यांचीच विनंती आहे. दोन माणसांचं ऑफिस आहे आणि ओळखीतून येणारं काम त्यांना पुरतं.

इमारत १९९१ सालची, तीन मजली, लिफ्ट नाही. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचा. बाबा २०१६ मध्ये गेले. आईचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, म्हणून ती नाशिकला माझ्याकडे यायला तयार झाली. भाऊ न्यू जर्सीत असतो.

बाईंच्या आधी जे एजंट येऊन गेले त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘एक्स्पेक्टेशन काय आहे?’ एक जण तर फोनवर व्हिडिओ काढत बुटांसकट थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला. दुसऱ्याने ‘पार्टी रेडी आहे, सव्वा कोटी काढून देतो, फक्त सहा महिन्यांचं एक्स्क्लुझिव्ह लिहून द्या’ (म्हणजे तोवर दुसरा एजंट नाही) म्हणून खिशातून कागदच काढला. आणि सगळे बोलत होते माझ्याशी. आई समोर खुर्चीत बसलेली, घर तिचं, जायचंय तिला, आणि तिच्याकडे मान वळवावी असं कुणाला वाटलं नाही. ते गेल्यावर आई म्हणायची, ‘राहू दे, पुढच्या वर्षी बघू.’ मला ते टाळणं वाटायचं नाही. तिला माणूस पटत नव्हता, एवढंच.

या बाईंचा आधी फोन आला. त्यांनी विचारलं, ‘काकू दुपारी पडतात का? त्यांची झोपमोड नको, पाचनंतर येऊ का?’ पाचला पाच मिनिटं असताना खिडकीतून मला त्या खाली दिसल्या. पार्किंग बघत होत्या, पाण्याच्या टाकीकडे जाऊन आल्या, मागच्या बाजूने इमारतीला चक्कर मारली. मग वर आल्या. चपला बाहेर काढल्या. कार्ड आईच्या हातात दिलं. ‘काकू, मी याच भागात काम करते. आधी तुम्ही घर दाखवा, मग बोलू.’

आईने घर दाखवलं. मी मागे राहिले, कारण त्यांनी एकही प्रश्न माझ्याकडे बघून विचारला नाही. इथे कधी राहायला आलात? पाणी किती वाजता येतं, बोअर आहे का? पावसाळ्यात गच्ची गळते का? शेजारी कोण? आई बोलत गेली. पश्चिमेच्या बाल्कनीत चारनंतर ऊन येतं, तिथे ती पापड-कुरडया वाळवायची. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं, ‘पश्चिम, दुपारनंतर ऊन’. ऐकण्याचा देखावा करणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत. या खरंच ऐकत होत्या, कारण महिन्याभराने एका गिऱ्हाइकाला घर दाखवताना त्यांनीच ते ऊन आधी सांगितलं. उन्हाळ्यात ती खोली तापते हेही सांगितलं.

बाथरूमच्या भिंतीवर ओल आहे. आधीच्या एकाने ‘पुट्टी मारून घ्या, कळत नाही’ असा सल्ला दिला होता. बाईंनी भिंतीला हात लावून पाहिला आणि विचारलं, ‘ही वरच्या मजल्यावरून येते का?’ आई हो म्हणाली. ‘मग आपण घेणाऱ्याला ती दाखवायची. नाहीतर टोकन (बयाणा) झाल्यावर ती त्याला दिसते आणि मग भाव पाडायला कारण मिळतं.’ आई तिथेच थोडी सैलावली. आमच्या घरात ती ओल लपवायची म्हणून कुणालाच चैन नव्हतं.

मग लेझर मीटर काढून त्यांनी खोल्या मोजल्या. आमच्या जुन्या करारात ७६५ चौरस फूट बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलंय. कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, भरली ६१२. आकडा त्यांनी आईला मोठ्याने वाचून दाखवला आणि सांगितलं की आताचे लोक कार्पेटवरच बोलतात, तेव्हा पहिल्या फोनपासून हाच आकडा सांगायचा. मोठा आकडा सांगून माणसं घर बघायला येतात, पण नाराज होऊन जातात.

किमतीचं बोलणं त्यानंतरच झालं. पिशवीतून त्यांनी काही प्रिंट काढल्या. आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे सारांश, होते, नोंदणी खात्याच्या ई-सर्चवरून काढलेले. ही सोय कुणालाही वापरता येते, पण एवढ्या एजंटांपैकी कुणी ती वापरून आलं नव्हतं. सगळे पोर्टलवरच्या जाहिराती दाखवत होते. जाहिरातीत मागणाऱ्याचा भाव असतो. इंडेक्स टूवर व्यवहारात नोंदलेली किंमत असते. बाईंनी कागद आईपुढे मांडले, कोणत्या इमारतीला लिफ्ट आहे, कोणती नवी आहे, ते समजावलं आणि म्हणाल्या, ‘तुमचं घर ९० ते ९६ लाखांत बसेल. सव्वा कोटी मी सांगू शकते, पण मिळवून देऊ शकणार नाही.’ आधीच्या आकड्यापेक्षा हे बरंच खाली होतं. तरी आईचा चेहरा पडला नाही. तिच्यासमोर कागद होते, तिला वाचता येत होते, आणि ती वाचत होती.

आता ज्या प्रश्नासाठी मी या बाईंना कायम मानेन तो सांगते. त्यांनी विचारलं, ‘काकांच्या नंतर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर कसं झालं? नॉमिनेशनवर, की मुलांनी आपला हिस्सा सोडल्याचं हक्कसोड पत्र करून दिलं?’ नॉमिनेशनवर झालं होतं. सोसायटीने नाव चढवलं, आम्ही समजलो झालं काम. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हक्क सगळ्या वारसांचा राहतो. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणजे आई, मी आणि भाऊ, तिघांचा. घेणाऱ्याचा वकील किंवा त्याची बँक हे पहिल्या दिवशी पकडते. मग टोकन घेऊन बसलेलं गिऱ्हाईक महिनोन्‌महिने तिष्ठतं किंवा निघून जातं. बाईंनी तिथल्या तिथे क्रम सांगितला: भावाने अमेरिकेत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करायचं, भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा नोटरी आणि अपोस्टील (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) करून. ते इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, आणि मग आम्ही दोघांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र करायचं. आणखी एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला कुणीच सांगितली नसती. परदेशात राहणारा वारस विकणारा म्हणून करारात आला, तर घेणाऱ्याला त्याच्या हिश्शावर वेगळ्या, चढ्या दराने टीडीएस कापावा लागतो. आई एकटी मालक असेल तर ५० लाखांवरच्या व्यवहाराचा नेहमीचा १ टक्का. ‘यावर तुमच्या सीएंशी बोला, मी सीए नाही,’ हेही लगेच जोडलं. भांडवली नफ्याच्या हिशेबासाठी १ एप्रिल २००१ चं मूल्य सरकारमान्य मूल्यांककाकडून काढून ठेवायला सांगितलं, कारण घर त्याआधीचं आहे.

विकणाऱ्यावर छाप पाडायची म्हणून हसून बोलणं, गोड बोलणं, चांगले कपडे, हे सगळं ठीक आहे. पण समोरच्या म्हाताऱ्या बाईला पुढे कशाचा त्रास होणार आहे हे तिच्याआधी ओळखणं आणि ते तिला न घाबरवता सांगणं, ही खरी कसोटी. बाईंनी आईला एकदाही घाबरवलं नाही. ‘होतं हे, बऱ्याच घरांत राहिलेलं असतं,’ असं म्हणाल्या.

पुनर्विकासाचंही विचारलं. आमच्या गल्लीत जुन्या इमारती पाडायचं काम जोरात आहे. सर्वसाधारण सभेत विषय आलाय का, ७९-अ खाली (पुनर्विकासाची सरकारी नियमावली) काही ठराव झालाय का, हे त्यांनी आईला विचारलं. नुसती चर्चा झाली होती. ‘ठराव होण्याची खात्री असेल तर थांबलात तर तुमचा फायदा होऊ शकतो, ते तुम्ही घरात बोलून ठरवा,’ असं स्वतःचं कमिशन लांबणीवर पडेल हे दिसत असताना त्या बोलल्या. आईला मात्र थांबायचं नव्हतं. बांधकाम होईपर्यंत भाड्याच्या घरात राहणं तिला या वयात नको होतं.

शेजारच्या मावशी येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘घेणारे आपल्यातलेच बघा हो.’ हे वाक्य कोथरूडात नवीन नाही, आणि एजंट बहुतेक वेळा मान डोलावून मोकळे होतात. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘मावशी, मी जात-धर्म बघून घर दाखवत नाही. कर्ज मंजूर होईल ना आणि माणूस शब्दाला पक्का आहे ना, एवढं बघते. हे चालणार नसेल तर आत्ताच सांगा, मला वाईट वाटणार नाही.’ पहिल्याच भेटीत, काम अजून मिळालेलं नसताना. आई म्हणाली, ‘मला वेळेवर मेंटेनन्स भरणारा हवा. मी सोसायटीची खजिनदार होते बारा वर्षं.’ आणि चहा टाकायला उठली.

फोटो काढायच्या आधी काय काढायचं नाही ते विचारलं. देवघर आणि बाबांचा फोटो, आई म्हणाली. तिजोरीच्या कपाटाचा फोटो आपणहून टाळला.

कार्डावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाचा, नोंदणी नंबर होता. घरी आल्यावर तो मी संकेतस्थळावर तपासला, बरोबर निघाला. तो कायद्याने लागतो तो नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. आमच्यासारख्या जुन्या इमारतीतल्या फेरविक्रीत कित्येक जण त्याशिवाय काम करतात. पण २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ती यांनी दिली आहे, आणि अभ्यास केलेला माणूस बोलण्यावरून कळतो.

जाताना सही मागितली नाही. वहीतलं एक पान फाडून आईला दिलं, बॉलपेनने, मोठ्या अक्षरांत. कोणते कागद शोधायचे त्यांची यादी, आणि खाली त्यांची फी: आमच्याकडून १ टक्का, घेणाऱ्याकडून १ टक्का, वर १८ टक्के जीएसटी, पैसे नोंदणी झाल्यावरच. दोन्हीकडून घेतात हे त्यांनी स्वतः सांगितलं. शेवटची ओळ होती, ‘सोसायटीचं हस्तांतर शुल्क २५,००० पेक्षा जास्त मागितलं तर मला फोन करा.’ महापालिका हद्दीत तीच कमाल मर्यादा आहे.

उणिवाही सांगते. पहिले फोटो संध्याकाळचे, ट्यूबलाइटमधले, घर होतं त्याहून उदास दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी येऊन काढले असते तर आठवडा वाचला असता; शेवटी ते माझ्या मुलीने काढून पाठवले. बाई मेसेजला दिवसा उत्तर देत नाहीत, रात्री नऊनंतर फोनच करतात. भावाशी वेळ जुळवताना त्याचा त्रास झाला. आणि त्यांच्या ठरलेल्या विसार पावतीत (टोकनच्या लेखी पावतीत) व्यवहार मोडला तर पैसे परत करायचं कलम आमच्यासाठी फार मोघम होतं. आमच्या वकिलांनी ते बदललं. बाईंनी हरकत घेतली नाही, पण मसुदा आधीच नीट असायला हवा.

भाव त्यांनी सांगितलेल्या टप्प्यातच मिळाला, थोडा वरच्या बाजूला. घर एका तरुण जोडप्याने घेतलं. नाव एकट्या बायकोचं लावलं म्हणून मुद्रांक शुल्क १ टक्क्याने कमी, ७ ऐवजी ६. हा सल्लाही बाईंचाच. हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आईला ताटकळावं लागू नये म्हणून सकाळची पहिली वेळ घेतली होती.

ज्यांचं घर डहाणूकर, मयूर कॉलनी, कर्वेनगर या भागात आहे आणि ज्यांच्या घरात निर्णय वयस्कर माणसाचा आहे, त्यांना मी या बाई नक्की सुचवेन. बाणेर-हिंजवडीकडचं काम त्या घेत नाहीत, तिथले भाव आपल्याला रोजचे माहीत नाहीत असं स्पष्ट सांगतात. ज्यांना दर आठवड्याला ईमेलवर अहवाल हवा असतो त्यांचं त्यांच्याशी जमणार नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे, अर्धा तारा फोटो आणि विसार पावतीसाठी कापला.